मोडीत घालण्याआधी टंच विचारा

२०२५ साली चांदीने किलोमागे एक लाखाचा टप्पा ओलांडला आणि वर्ष सरता सरता ती दोन लाखांच्याही पुढे गेली. तेव्हापासून भोर तालुक्यातल्या आमच्या आंबवड्याच्या ओसरीवर कारी, कोर्ले, टिटेघरहून माणसं फडक्यात बांधलेलं काही ना काही घेऊन येताहेत. पायातले तोडे, बाळाचे वाळे, करगोटा, आजेसासूचा छल्ला, अर्धी तुटलेली सरी. नवं घ्यायला नाही, मोडीत घालायला. मी सोनाराच्या घरची सून आहे, याच व्यवहारावर आमची चूल पेटते. तरीही सांगते, भाव चढला एवढ्याच कारणासाठी जुनी चांदी मोडू नका. आणि मोडायचीच वेळ आली तर तिचा टंच, म्हणजे शंभर भागांत चांदी किती, ते काढल्याशिवाय ती हातातून सोडू नका.

आमच्या गावाला लोक इतिहासासाठी येतात. कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या इथे आहेत, शंकराजी नारायण सचिवांचीही आहे. नागेश्वराचं दर्शन घ्यायचं, संस्थानकाळातल्या झुलत्या पुलावर उभं राहून फोटो काढायचा आणि रायरेश्वराकडे निघायचं, असा त्यांचा क्रम असतो. समाधीचा दगड जपावा हे सगळ्यांना पटतं. पण त्याच गावात, पत्र्याच्या डब्यात, तांदळाच्या कणगीत दडवलेली जी जुनी घडण आहे, ती आपण मुशीत ओततो तेव्हा कुणाला काही वाटत नाही. असे दागिने पाहायला पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तिकीट काढावं लागतं. आपल्याकडे ते अजून घरात आहेत.

मागच्या पावसाळ्यात कारीहून एक आजी आल्या होत्या. पदराखालून त्यांनी तोड्यांचा जोड काढला आणि माझ्यापुढे ठेवला. जाड, पिळाचे, टोकांना मळसूत्राची फिरकी. एका तोड्याची आतली बाजू घोट्याला घासून गुळगुळीत झालेली, दुसऱ्यावर पिळाच्या खाचांत काळा मळ बसलेला.

“पोरगं म्हणतंय मोड घालून टाक. घरात ठिवून काय करायचं, चोराचं भ्या.”

“घडवले कुणी, आजी?”

“आजेसासूच्या बापानं. रुपयं मोजून दिलं व्हतं म्हणं सोनाराला.”

हे ऐकलं की सोनाराच्या घरातल्या माणसाचे कान टवकारतात. राणीछाप रुपयाचं वजन बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यामुळे रुपये मोजून दिले की वेगळा तराजू लावायची गरज नसे. आणि त्या रुपयात बारा भागांतले अकरा भाग चांदी असे, म्हणजे जवळजवळ ९२ टक्के. १९४० सालापासून सरकारने रुपयातली चांदी अर्ध्यावर आणली आणि १९४७ साली रुपया निकेलचा झाला. म्हणून जुन्या दागिन्याबद्दल मी आधी विचारते, कुणाच्या लग्नातला? लग्न १९४० च्या आधीचं आणि दागिना रुपये आटवून केलेला असेल, तर त्यात आजच्या बाजारातल्या पुष्कळशा दागिन्यांपेक्षा जास्त चांदी असण्याची शक्यता मोठी.

आजींना दुसरीकडे साठ टंचाच्या हिशेबाने भाव सांगितला होता. जुनं गावठी काम, डाख म्हणजे जोडाचा हलका धातू जास्त, साठच धरणार, असं कारण दिलं होतं. जोडाचं वजन चाळीस भार, हल्लीच्या दहा ग्रॅमच्या भाराने ४०० ग्रॅम. साठ टंच धरला तर २४० ग्रॅम चांदीचे पैसे. रुपयांचा टंच धरला तर ३६६ ग्रॅमचे. फरक १२६ ग्रॅमचा, म्हणजे दोन लाखांच्या भावाने २५,००० रुपयांवर. त्यातून जोडकामाच्या डाखाचे काही ग्रॅम वजा केले तरी वीस हजारांच्या खाली ती रक्कम येत नाही. आमच्या यजमानांनी फिरकीच्या आत, डोळ्यांना दिसणार नाही अशा जागी कानस मारून खालचा रंग पाहिला आणि मग जोड पुण्याच्या तपासणी केंद्रातून तपासून आणला. टंच नव्वदीत निघाला. आकडा कळल्यावर मुलानेच आईला सांगितलं, राहू दे, मोडू नकोस.

कानस मारून का पाहावं लागलं, तेही सांगते, कारण ते गिऱ्हाइकांना कुणी सांगत नाही. दागिना घडवून झाला की सोनार तो तापवतो आणि चिंचेच्या किंवा तेजाबाच्या पाण्यात उजळून काढतो. तापवल्यावर वरच्या थरातलं तांबं काळपटतं आणि त्या पाण्यात निघून जातं. उरते ती जवळजवळ शुद्ध चांदीची पातळ साय. दागिना पांढराशुभ्र दिसतो तो या सायीमुळे. तपासणीचं एक्सआरएफ यंत्र वरवरचाच थर वाचतं, म्हणून हलक्या दागिन्याचा टंचही त्यावर कधी चढा येतो, आणि मुलामा जाड असेल तर यंत्र सरळ फसतं. शंका आली तर कुठेतरी आत कानस लावून मगच तपासा, असा आग्रह धरावा. उलटही होतं. वर्षानुवर्षं घासून ही साय गेली की तांबूस झाक दिसू लागते आणि चांगल्या ऐंशी टंचाच्या दागिन्यालाही लोक खोटा ठरवतात.

चांदी काळी पडली म्हणून खोटी, हा तर आमच्या भागातला पक्का समज. अंगात उष्णता फार म्हणून काळी पडते, हा दुसरा. दोन्ही मनातून काढून टाका. चांदीला गंधकाची ओढ आहे. हवेतला, घामातला, अन्नातला गंधक लागला की वर सल्फाइडचा काळा थर धरतो. म्हणजे अस्सल चांदीही काळी पडतेच. कायम पांढरं राहतं ते बहुतेक वेळा एक तर ऱ्होडियमचा मुलामा दिलेलं असतं किंवा चांदीच नसतं. तांब्याचा भाग फार असेल तर हिरवट डाग धरतो. तेवढी खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

आषाढात आमच्याकडे भाताची लावणी चालते. इंद्रायणीची रोपं घेऊन बाया दिवसभर खाचरात पोटरीभर चिखलात उभ्या असतात. त्या चिखलात पालापाचोळा, शेण, मुळं पाण्याखाली कोंडून कुजतात आणि पाय काढला की सडक्या अंड्यासारखा वास वर येतो. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा, गंधकाचाच. सकाळी पांढरी असलेली जोडवी संध्याकाळी बांधावर येईतो निळसर काळी झालेली असतात. मग त्या बाया माझ्याकडे येतात आणि विचारतात, “वैनी, खोटी दिलीत का?” मी त्यांना खाचरातला चिखल हुंगायला सांगते. गोबरगॅसच्या स्वयंपाकघरातली निरांजनं वरच्या खोलीतल्या निरांजनांपेक्षा लवकर काळवंडतात ती याच वायूमुळे. दिवाळीत फटाक्यांच्या धुराने देव्हारा काळा पडतो, रबर लावून गुंडाळलेल्या पैंजणाला जिथे रबर टेकलं तिथेच पट्टा उमटतो, लोकरीच्या शालीत ठेवलेली वाटी काळी होऊन निघते. कारण एकच.

लावणीला जाताना जोडवी काढून ठेवा असं मी कुणाला सांगत नाही, ते कुणी ऐकणारही नाही आणि ऐकू नये. घरी आल्यावर पाय धुताना जोडव्यांवरून रिठ्याच्या पाण्याचा किंवा साध्या साबणाचा हात फिरवून पुसलं, की बहुतेक काळेपणा आठवड्याभरात अंगावरच निघतो. रोज वापरातली चांदी कपड्याला, कातडीला घासत राहते, म्हणून ती कपाटातल्या चांदीपेक्षा उजळ असते. चांदी जपायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ती वापरणं. मांडीवरच्या बाळाला चांदीच्या वाटीतून खिमट भरवा, पाहुण्याला फुलपात्रातून पाणी द्या. फक्त मीठ, लोणचं आणि अंडं त्यात ठेवू नका. मिठाने चांदीला बारीक खड्डे पडतात आणि ते कशानेही भरून येत नाहीत.

आता देवाच्या टाकांविषयी. माझा जीव तिथे सगळ्यात जास्त गुंततो.

सासऱ्यांच्या आज्यापासून आलेले काशाचे ठसे आमच्या घरात आहेत. खंडोबा, भवानी, जोतिबा, घोड्यावरचा वीर. ठशावर चांदीचा पातळ पत्रा ठेवून बेताबेताने ठोकायचा, आकृती उठली की मागे तांब्याचा पत्रा जोडायचा. सासरे बागेसरीपुढे, म्हणजे सोनाराच्या शेगडीपुढे बसून हे काम करायचे तेव्हा मी बाजूला बसून बघत असे. घोड्याचा लगाम, खंडोबाच्या हातातली तलवार, पुढ्यातला कुत्रा, एवढ्याशा जागेत सगळं. डोळा दोन वेळा ठोकायचा नाही, असा त्यांचा नियम होता. दुसऱ्या ठोक्याला पत्रा फाटतो.

गेल्या नवरात्राआधी एका घरातून त्यांचे देव आमच्याकडे आले. नवे टाक करून द्या, जुने नदीत सोडायचे आहेत. खंडोबाचा टाक हातात घेतला तर घोडा जागेवर, म्हाळसा जागेवर, आणि खंडोबाचा चेहरा गेलेला. नाकाच्या जागी खालचं तांबं लाल दिसत होतं. टाक पडला नव्हता, चेपला नव्हता. दर वर्षी घटस्थापनेआधी घरातल्या बाईने मनापासून राखेने घासला, तिच्या सासूने घासला, तिच्याही सासूने घासला. सगळ्यात जास्त घासला जातो तो उंच भाग, म्हणजे चेहरा. प्रत्येक घासणीत बोटांवर काळं येतं ते सल्फाइड असतं, आणि सल्फाइडमध्ये चांदीच असते. वर राख, रांगोळी, दातांची पेस्ट, भांड्यांची जाळी यांतलं काहीही लावलं की खालची चांगली चांदीही निघते. चार पिढ्यांच्या भक्तीने देवाचा चेहरा पुसला गेला. त्या घरातल्या एकाही बाईला मी बोल लावणार नाही. त्यांना कुणी दुसरी रीत सांगितलीच नव्हती, आणि ती सांगायचं काम आम्हा सोनारांचं होतं.

दुसरी रीत अवघड नाही. रिठे रात्री कोमट पाण्यात भिजत घालायचे. सकाळी ते पाणी गाळून त्यात टाक बुडवायचे आणि मऊ केसांच्या ब्रशने, दाब न देता, खाचांतला भंडारा-कुंकू सोडवायचा. चांगल्या पाण्यातून काढून लगेच मलमलीने टिपायचे आणि तासभर उन्हात नाही, वाऱ्यावर ठेवायचे. अभिषेक झाल्यावर पंचामृत अंगावर वाळू द्यायचं नाही. थोडा काळपटपणा राहिला तर राहू द्यायचा. खाचांत राहिलेला काळेपणा आकृती उठावदार करतो, तो मळ नव्हे. टाक उकळत्या पाण्यात मात्र घालू नका. पत्र्यांच्या मध्ये कधी लाख भरलेली असते, ती सुटते.

निरांजन, तबक, वाटी, साधे वाळे अशा भरीव आणि बिनखड्याच्या वस्तू फार काळ्या झाल्या असतील तर एक घरगुती उपाय खरोखर चांगला आहे. प्लॅस्टिकच्या टबात तळाला ॲल्युमिनियमचा कागद पसरायचा, त्यावर चमचाभर खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ टाकायचं, वस्तू कागदाला टेकतील अशा मांडायच्या आणि वरून कढत पाणी ओतायचं. गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जातो आणि काळ्या थरातली चांदी पुन्हा चांदी होऊन वस्तूवरच राहते. घासून जी चांदी गेली असती ती इथे वाचते. पाच मिनिटांत काढायच्या, मिठाचा अंश राहणार नाही अशा खळखळून धुवायच्या आणि कोरड्या करायच्या. मोती, खडे, लाख किंवा मीनाकाम असलेलं काही त्यात घालायचं नाही. मुद्दाम काळी केलेली, ज्याला ऑक्सिडाइज्ड म्हणतात ती घडणही नाही, तिचा काळेपणा म्हणजेच तिची नक्षी असते. दुकानात मिळणाऱ्या बुडवायच्या रसायनात तेजाब असतं. लग्नाच्या आदल्या दिवशी घाईत एकदा ठीक, दर महिन्याला नाही.

ठेवायला जुनं धुतलेलं सुती कापड उत्तम. एकेक नग वेगळा गुंडाळायचा, म्हणजे एकमेकांवर चरे पडत नाहीत. वर्तमानपत्रात नको. डब्यात खडूचा तुकडा टाकला तर आमच्या पावसाळ्यातली ओल तो थोडी ओढून घेतो. आणि एक काम आजच करा. प्रत्येक नगाचा फोटो काढा, वजन करून मागे लिहून ठेवा, कुणी कुणाला दिला तेही लिहा. चोरी झाली तर पोलिसांना दाखवायला उपयोगी पडतं, वाटण्यांच्या वेळी भांडण टळतं.

नवं घेणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते, कारण यातलं बरंच आता कागदावर आलेलं आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कवरही सोन्यासारखा सहा अक्षरी एचयूआयडी क्रमांक मिळू लागला आहे. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की नगाची माहिती दिसते. ९२५ लिहिलं असेल तर हजारात ९२५ भाग चांदी, ८०० असेल तर ८००. सोन्याला हॉलमार्क सक्तीचा आहे, चांदीला मात्र अजून ऐच्छिक ठेवला आहे, आणि हे मला चुकीचं वाटतं. सोनं घेणाऱ्याच्या हातात पावती, पेटी, क्रमांक सगळं असतं. चांदी घेणारी बहुतेक वेळा मजुरीचे पैसे साठवून आलेली असते आणि तिच्या हातात गुलाबी कागदाची पुडी असते. संरक्षणाची गरज कुणाला जास्त आहे?

देव्हाऱ्यातल्या मूर्ती, ताटवाट्या ९०० च्या वरच्या घ्याव्यात. पैंजण, साखळीला थोडं तांबं लागतंच, नाहीतर कड्या ओढल्या जातात. पण किती तांबं, हे दुकानदाराने लिहून दिलं पाहिजे. आपल्या बाजारातलं बरंच पैंजण हातकणंगले तालुक्यातल्या हुपरीचं असतं, तिथे घराघरात हे काम चालतं. काही सेलम, राजकोट, आग्र्याहून येतं. हुपरीचं चांगलं काम ओळखायचं तर पैंजण उलटं धरा आणि मागून जोड पाहा. घुंगराच्या मुळाशी डाखाचा गोळा जमलेला दिसला तर तुम्ही चांदीच्या भावाने डाख विकत घेत आहात. मूर्ती वजनाच्या मानाने फार मोठी दिसली तर ती पोकळ आहे की आत लाख किंवा मेण भरलेलं आहे ते विचारा आणि भराव वजनातून वजा करायला लावा. जर्मन सिल्व्हर नावाच्या धातूत चांदीचा कणही नसतो, ते तांबं, जस्त आणि निकेल. आहेरात ते द्यायला हरकत नाही, चांदी म्हणून देऊ नये.

मला समोरून विचारलं जातं, की वापरात नसलेला दागिना पैशाच्या वेळी मोडला तर बिघडलं कुठे? दागिना अडीनडीसाठीच केलेला असतो. हे अगदी मान्य. आमच्या आजेसासूबाईंनी दुष्काळात गोठ मोडून दाणे आणले होते, त्यात कमीपणा काही नव्हता. पण आज जे मोडलं जातं आहे त्यातलं सगळं नडीपायी नाही. पुष्कळदा फक्त भाव दिसतो म्हणून मोडतात आणि त्या पैशांची वीट किंवा नाणं घेऊन ठेवतात. त्यात काय जातं ते बघा. मोडीच्या वेळी घट कापली जाते, नवीन घेताना तीन टक्के जीएसटी लागतो, आणि घडण गेली ती गेलीच. आटवलेली चांदी कुठे जाते तेही बघण्यासारखं आहे. भाव वाढण्याचं एक मोठं कारण म्हणजे सौर पॅनेल. शेतातल्या सोलर पंपाच्या काचेखाली ज्या बारीक रेघा दिसतात, त्या चांदीच्या असतात. कारखान्यांना चांदी लागणार, त्याला आपला विरोध नाही. पण त्यासाठी पिळाच्या तोड्यांची शेवटची जोडी द्यायची गरज नाही.

नडच असेल तर आता दुसरी वाट आहे. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोनं-चांदी तारण कर्जाचे नवे नियम काढले आणि ते लागू करायला १ एप्रिल २०२६ ही मुदत दिली. त्यानुसार चांदीचे दागिनेही तारण ठेवता येतात, एका कर्जदाराचे १० किलोपर्यंत. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जात दागिन्यातल्या चांदीच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. विटेवर मात्र कर्ज नाही. म्हणजे दागिना मोडून वीट घेणाऱ्याने हा आधार आपल्या हाताने गमावला. सहकारी बँकांनाही हे नियम आहेत. भोर, वेल्ह्यातल्या बँकांच्या शाखांनी चांदीला नाही म्हणू नये, टंच काढणारा माणूस ठेवावा, अशी माझी मागणी आहे. भाताचं बी, खत, पोराची फी यासाठी जे पंधरा-वीस हजार लागतात, ते तोड्यांवर उभे राहतील आणि सुगीनंतर तोडे घरी येतील.

आणखी एक बोलायचं आहे, थोडं कडू लागेल. मोडायला येणाऱ्यांत दागिना जिचा ती बाई पुष्कळदा नसतेच. मुलगा येतो, नवरा येतो. मी विचारते, त्यांना विचारलंय का? उत्तर मिळतं, तिला काय कळतंय. लग्नात मिळालेलं स्त्रीधन तिच्या एकटीच्या मालकीचं असतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं आणि २०२४ साली पुन्हा बजावलं. आमच्या ओसरीवर आता नियम केला आहे, जिचा दागिना ती समोर बसल्याशिवाय मूस तापणार नाही. काही गिऱ्हाइकं रागावून भोरला जातात. जाऊ देत.

माझ्या धंद्यातल्या भावांनाही माझं सांगणं आहे. नव्या नियमात बँकेला दागिन्याची तपासणी कर्जदारासमोर करावी लागते आणि वजन, शुद्धता, वजावट लेखी द्यावी लागते. जे बँकेला जमतं ते पिढ्यान्‌पिढ्या या चांदीवर जगलेल्या आपल्याला का जमू नये? सगळ्या जुन्या कामाला सरसकट साठ धरणं बंद करा. येत्या दसऱ्याआधी भोरच्या आठवडी बाजारात एक दिवस तपासणीचं यंत्र आणून बसवू, खर्च आपण सोनारांनी मिळून करू. आणि त्या दिवसापासून मोडीच्या प्रत्येक पावतीवर वजन, टंच, डाखाची घट आणि त्या दिवसाचा भाव या चार गोष्टी वेगवेगळ्या लिहू, गिऱ्हाइकाने मागितल्या नाहीत तरी.